निरोगी दिसणाऱ्या हृदयाचा नकाशा

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास विजेच्या सामानाची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. वायरींची भेंडोळी, एलईडीच्या माळा, ट्रान्सफॉर्मर, सोल्डरिंग गन आणि काउंटरमागच्या लहान लहान खणांत भरलेले रेझिस्टर-कपॅसिटर. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा हंगाम आला की इथे मुलामुलींची झुंबड उडते. त्यांच्या याद्यांमध्ये कार्डिओग्रामचं सर्किट हमखास असतं. पूर्वी त्यासाठी ‘एडी ६२०’ नावाची अॅम्प्लिफायरची चिप मागत, आता ‘एडी ८२३२’ ही चिप बसवलेलं तयार बोर्डच मिळतं. तीन चिकटपट्ट्या, तीन वायरी, एक छोटा मायक्रोकंट्रोलर, आणि पडद्यावर स्वतःच्या हृदयाची रेघ.

ती रेघ सहजासहजी मात्र उमटत नाही. छातीच्या कातडीवर हृदयाचा जो विद्युतसंदेश पोचतो तो जेमतेम एक मिलिव्होल्टचा, म्हणजे साध्या पेन्सिल सेलच्या दीड हजाराव्या हिश्शाएवढा. घराच्या भिंतींतून धावणारी ५० हर्ट्झची वीज आपल्या शरीरावर त्याच्या कितीतरी पट मोठी गुणगुण उमटवत असते. दोन पट्ट्यांवर सारखीच आलेली गुणगुण वजा करायची आणि दोहोंमधला बारीक फरक तेवढा मोठा करायचा, हे त्या चिपचं काम. तिसरी पट्टी उरलेली गुणगुण उलटी करून शरीरात परत पाठवते. (हे सर्किट अंगाला जोडताना बॅटरीवरच चालवावं, चार्जरला लावलेल्या लॅपटॉपवर नाही. हे दुकानदारही बजावतात, मुलं मात्र ऐकतातच असं नाही.)

रेघ हलायला लागली की प्रोजेक्ट संपतो. वैद्यकाची अडचण तिथून सुरू होते. ही रेघ म्हणजे अब्जावधी पेशींच्या विजेची बेरीज असते. हृदयात काय चाललंय आणि केव्हा, हे ती फार अचूक सांगते. कुठे, हे मात्र धूसरच. एरवी हे चालून जातं. पण काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या असा एक दोष चालत येतो की धडधाकट मुलगा किंवा मुलगी धावताना, पोहताना किंवा झोपेत अचानक कोसळते. टू-डी इको स्वच्छ, अँजिओग्राफी स्वच्छ, शवविच्छेदनातही हृदय साफ. तिथे बिघाड विजेच्या वागणुकीत असतो आणि तो हृदयभर सारखा पसरलेला नसतो. या आनुवंशिक विकारांमध्ये ‘कुठे’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेल्या काही दशकांत हृदयाचे विद्युत-नकाशे काढले गेले, आणि त्यांनी डॉक्टरांची काही पक्की मतं मोडीत काढली.

आधी विजेबद्दल थोडं. विश्रांतीत असलेल्या हृदयपेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्टनी ऋण असते. ठोक्याची लाट येऊन पोचली की पेशीच्या पापुद्र्यातले सोडियमचे मार्ग उघडतात, एक-दोन मिलिसेकंदांत सोडियम आत घुसतो आणि पेशी पेटते. मग कॅल्शियम आत येतं, स्नायू आकुंचन पावतो, आणि सरतेशेवटी पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्वपदावर येते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत, हे सगळं चक्र पाव ते एक तृतीयांश सेकंदात पुरं होतं. लाट मात्र त्याहून फार वेगाने फिरते. वहनासाठीच्या खास तंतूंमधून ती सेकंदाला दोन ते चार मीटर धावते, साध्या स्नायूतून मीटरभर किंवा त्याहून कमी, आणि निरोगी माणसाच्या दोन्ही जवनिका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत पेटून उठतात. कार्डिओग्रामवरचा उंच सुळका तो हाच. त्यानंतरची बुटकी टेकडी म्हणजे पेशी शांत होत असल्याची खूण. सुळक्याच्या सुरुवातीपासून टेकडीच्या शेवटापर्यंतच्या अंतराला ‘क्यूटी’ म्हणतात. हे अक्षरयुग्म पुढे लागणार आहे.

यात एक गोम आहे. छातीवर पोचतो तो फरक. सगळ्या पेशी एकाच वेळी पेटलेल्या असल्या किंवा सगळ्या शांत असल्या, तर रेघ सपाटच राहते. दोन लाटा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला निघाल्या तर त्या एकमेकींना बऱ्यापैकी खोडून टाकतात. म्हणजे हृदयातली बरीचशी वीज कार्डिओग्रामपर्यंत पोचतच नाही. उरलेल्या शिलकेवरून डॉक्टर निदान करतात, आणि सव्वाशे वर्षं ते बहुतेक बरोबर ठरत आलंय. हे खरं तर नवलच.

लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर याने १८८७ मध्ये माणसाच्या हृदयाची वीज शरीराबाहेरून पहिल्यांदा टिपली. त्याचा जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्यात पंजे बुडवून शांतपणे उभा राही, आणि त्या प्रयोगांवरून पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्नही विचारला गेला. नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंटहोवेन याने त्याहून कितीतरी नाजूक यंत्र बनवलं. ते सुमारे पावणेतीनशे किलोचं होतं, चालवायला पाच माणसं लागत आणि रुग्ण दोन हात व एक पाय पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. १९२४ चं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं. छातीवरचे सहा बिंदू १९३८ मध्ये ठरले, बाकीची जोडणी १९४२ मध्ये झाली, आणि आजचा बारा रेघांचा कार्डिओग्राम तयार झाला. तालुक्याच्या दवाखान्यात काढतात तोही हाच.

नकाशाची कल्पना वेगळ्या वाटेने आली. अॅमस्टरडॅमच्या डर्क ड्यूरर यांनी १९७० मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. त्याचं स्वरूप आज ऐकताना जरा थरकाप होतो. मेंदूच्या आजाराने दगावलेल्या, पण हृदय निरोगी असलेल्या सात माणसांची हृदयं त्यांनी शरीराबाहेर रक्तद्रवावर जिवंत ठेवली आणि त्यांच्या भिंतींत बारीक सुयांमधून ८७० पर्यंत टोकं बसवली. लाट कुठे आधी पोचते आणि कुठे शेवटी, हे मानवी हृदयासाठी पहिल्यांदाच कळलं. डाव्या जवनिकेच्या आतल्या बाजूला तीन ठिकाणं जवळजवळ एकदमच पेटतात आणि मागचा तळाकडचा भाग सर्वांत शेवटी. निरोगी हृदयाचा तो पहिला पूर्ण नकाशा. आजचे संशोधकही आपले नकाशे त्याच्याशी ताडून पाहतात.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली या शल्यविशारदाने एका मच्छीमाराचं हृदय उघडलं होतं. त्याच्या हृदयात वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा एक जादा धागा होता, आणि त्यातून वीज गोल गोल फिरून धडधड सुरू व्हायची. हातातली सळई हृदयाच्या पृष्ठभागावर एकेका जागी टेकवत त्यांनी सर्वांत आधी पेटणारा बिंदू शोधला आणि तिथेच छेद दिला. धडधड थांबली. असा जादा धागा सहसा आनुवंशिक नसतो, पण जागा सापडली तर इलाज करता येतो हे त्या दिवशी सिद्ध झालं. आज त्यासाठी छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या शिरेतून कॅथेटर आत नेतात, चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने त्याचं टोक मिलिमीटरच्या हिशेबात टिपतात, आणि पडद्यावर हृदयाची रंगीत त्रिमितीय आकृती उभी राहते. लाल म्हणजे सर्वांत आधी पेटलेला भाग, जांभळा म्हणजे सर्वांत शेवटचा. इस्रायलमध्ये विकसित झालेली ही पद्धत १९९७ मध्ये जगापुढे आली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ती आता नित्याची झाली आहे.

आता त्या कुटुंबांकडे वळू.

जर्मन वैद्यकीय लेखनात १८५६ सालची एक नोंद आहे. शाळेत सर्वांसमोर कानउघाडणी होत असताना एक मूकबधिर मुलगी जागच्या जागी कोसळून मरण पावली. आईवडिलांना कळवलं, तेव्हा त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही, कारण त्यांची आणखी दोन मुलं भीतीने आणि रागाच्या भरात अशीच गेली होती. शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, नॉर्वेतल्या अँटन येर्वेल आणि फ्रेड लांगे-नील्सन यांनी एका घराची हकीकत लिहिली. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी, चौघांनाही वारंवार शुद्ध हरपण्याचा त्रास, आणि त्यांतली तीन अचानक गेली. कार्डिओग्राममध्ये क्यूटीचं अंतर फार लांबलेलं होतं. कान आणि हृदय यांचा संबंध काय, हे कळायला आणखी चाळीस वर्षं जावी लागली. पेशीतून पोटॅशियम बाहेर काढणारा एक मार्ग आहे. तोच मार्ग आतल्या कानातला द्रव नीट राखण्याचंही काम करतो. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही त्याचं बिघडलेलं जनुक आलं, तर मूल बहिरं जन्मतं आणि हृदयाची वीजही धोकादायक होते.

दोघांकडूनही तेच बिघडलेलं जनुक यावं, ही एरवी फार दुर्मीळ गोष्ट. नात्यात लग्न झालं की ती तितकी दुर्मीळ राहत नाही. मामाच्या मुलीवर पहिला हक्क, असं आजही मानणारी घरं दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात आहेत. मामा-भाचीची लग्नं कर्नाटकाच्या सीमेलगत पूर्वी सर्रास होत. आई-वडील दोघांनाही बहुतेकदा काहीच त्रास नसतो, कारण त्यांच्याकडे एकेकच बिघडलेलं जनुक असतं. त्यांच्या प्रत्येक मुलाला मात्र चारात एक एवढा धोका असतो. म्हणून जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानाला यंत्र किंवा इम्प्लांट बसवण्याआधी त्याचा साधा कार्डिओग्राम काढावा, हा आग्रह मला अजिबात जास्तीचा वाटत नाही. पाच मिनिटांचं काम असतं.

बहिरेपणाशिवायचा प्रकार त्याहून खूप जास्त आढळतो. तो १९६३ मध्ये इटलीत आणि १९६४ मध्ये आयर्लंडमध्ये वेगवेगळ्या डॉक्टरांनी वर्णिला. यात आई किंवा वडील, एकाकडून आलेलं जनुकही पुरतं, म्हणजे प्रत्येक अपत्याला निम्मा धोका. इटलीत ४० हजारांहून अधिक नवजात बाळांचे कार्डिओग्राम काढून पाहिले, तेव्हा साधारण दोन ते अडीच हजारांत एक असं प्रमाण निघालं. १९९५-९६ मध्ये अमेरिकेतल्या युटाहमध्ये मार्क कीटिंग यांच्या गटाने याची मुख्य जनुकं शोधली. मग एक विलक्षण गोष्ट उमगली. जनुकानुसार पाहिलं, तर पहिल्या प्रकारात माणूस व्यायामात, विशेषतः पोहताना कोसळतो. दुसऱ्यात अचानक आवाजाने, जसं गजराच्या घड्याळाने किंवा फोनच्या घंटीने. तिसऱ्यात झोपेत. एकाच नावाखाली तीन वेगळे आजार नांदत होते.

आपल्याकडे अशा मुलाला सहसा फिट आली असं म्हणतात. नाकाला कांदा नाहीतर चप्पल लावतात. मूल मिनिटाभरात उठून बसतं आणि कांद्याचा गुण आला असं ठरतं. खेड्यात लागीर झालं म्हणून देवऋष्याकडे नेतात, शहरात अपस्माराच्या गोळ्या सुरू होतात. दोन्हीकडे वर्षं वाया जातात. फरक ओळखण्याची खूण अगदीच अवघड नाही. हृदयामुळे शुद्ध गेली तर माणूस एकाएकी कोसळतो, चेहरा पांढराफटक पडतो, आणि बहुतेकदा लवकर व नीट शुद्धीवर येतो. अपस्माराच्या झटक्यानंतर तो बराच वेळ गुंगीत, गोंधळलेला राहतो. ही खूण प्रत्येक वेळी लागू पडत नाही. पण धावताना, पोहताना किंवा दचकून ‘फिट’ येणाऱ्या मुलाचा क्यूटी मोजल्याशिवाय त्याला अपस्मार म्हणू नये, एवढं तिच्यावरून म्हणता येतं. हृदयाच्या वेगानुसार हिशेब केलेला क्यूटी साधारणतः पुरुषात ४५० आणि स्त्रीत ४६० मिलिसेकंदांच्या आत असतो. पाचशेच्या पुढे गेला तर धोका उघड आहे.

पण नुसता लांबलेला क्यूटी जीव का घेतो? सगळ्याच पेशी सारख्याच उशिरा शांत झाल्या, तर हृदयाचा ठोका जरासा लांबेल, एवढंच. संशोधकांना संशय होता की पेशी सारख्या लांबत नाहीत. एक भाग शांत होऊन पुढच्या ठोक्याला तयार, आणि त्याच्या शेजारचा अजून पेटलेलाच. अशा वेळी अवेळी आलेला ठोका एका बाजूने अडतो, दुसऱ्या बाजूने वळसा घालून परत येतो आणि तिथेच चक्री धरतो. जवनिका मग नुसत्या थरथरतात, रक्त पुढे ढकलत नाहीत, आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. कुत्र्यांच्या हृदयांवर हे दिसलं होतं. जिवंत माणसात, त्याची छाती न उघडता, हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला फरक दाखवायचा कसा?

योराम रूडी हे आधी क्लीव्हलँडला आणि नंतर सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम करणारे संशोधक. त्यांनी यासाठी आयुष्याचा मोठा भाग दिला. त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. सुमारे अडीचशे इलेक्ट्रोड शिवलेलं जाकीट छाती-पाठीला घालायचं. त्याच अवस्थेत सीटी स्कॅन काढायचा, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोड आणि हृदयाचा पृष्ठभाग यांचं नेमकं अंतर कळतं. मग छातीवर मोजलेल्या विजेवरून, गणिताने उलटं मागे जात, हृदयाच्या पृष्ठभागावर कुठे किती वीज असली पाहिजे ते काढायचं.

उलटं मागे जाणं हीच सगळी मेख. अनंतचतुर्दशीला लक्ष्मी रोडवर एकामागोमाग एक ढोल-ताशा पथकं वाजवत असताना एखाद्या वाड्याच्या बंद खिडक्यांमागे बसून, नुसत्या आवाजावरून, कुठल्या रांगेतला कोणता ढोल ठेका चुकवतोय हे सांगायचं. एका खिडकीतून ते अशक्य. वाड्याच्या सगळ्या खिडक्यांपाशी कान लावले, आणि रस्ता किती रुंद, भिंती किती जाड हे ठाऊक असलं, तर काहीतरी सांगता येईल. तरी धोका आहेच, कारण हृदयापासून छातीपर्यंत येताना संदेशातले बारकावे पुसट होतात. ते बारकावे परत आणायला गणित त्यांना मोठं करतं, आणि सोबत मोजमापातल्या चुकाही मोठ्या होतात. इलेक्ट्रोडवर जरा गुणगुण शिरली तर नकाशावर नसलेले डोंगर उगवतात. म्हणून गणितात एक लगाम घालावा लागतो. तो म्हणतो, उत्तर मोजमापाशी जुळलं पाहिजे, पण अवाजवी खडबडीतही असता कामा नये. लगाम किती आवळायचा हा यातला कळीचा निर्णय, आणि त्यावर तज्ज्ञांत अजून वाद होतात. माणसाच्या धडाच्या आकाराच्या, क्षारयुक्त पाण्याने भरलेल्या टाकीत कुत्र्याचं हृदय ठेवून पद्धत आधी पडताळली गेली. २००४ मध्ये माणसांवरचे पहिले नकाशे ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले.

या पद्धतीने रम्या विजयकुमार, रूडी आणि सहकाऱ्यांनी लांब क्यूटीच्या २५ रुग्णांचे नकाशे काढले. ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. लाट पसरण्यात काही खोट नव्हती. खोट शांत होण्यात होती, आणि ती विखुरलेल्या ठिगळांत होती. काही भागांत पेशी फार उशिरा शांत होत, आणि त्यांच्या अगदी लगतच्या भागात वेळेवर. उताराची ही तीव्रता निरोगी माणसांत दिसली नाही. शिवाय ज्यांना कधी तरी शुद्ध हरपण्याचा त्रास झाला होता, त्यांच्यात ती त्रास न झालेल्या रुग्णांपेक्षा जास्त निघाली. दोघांच्या बारा रेघांच्या कार्डिओग्राममधून असा फरक काढता येत नाही, कारण तिथे सगळी ठिगळं एकाच बेरजेत मिसळलेली असतात. २५ ही संख्या लहान आहे आणि अशा पाहणीवरून कोणावर उपचार ठरवू नयेत. पण कुत्र्यांच्या हृदयांवरून घेतलेला संशय माणसात डोळ्यांना दिसला, हे मला मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट ब्रुगाडा विकाराची. तिथे नकाशाने नुसता दुजोरा दिला नाही, उलटापालट केली. ईशान्य थायलंडमध्ये धडधाकट तरुण रात्री झोपेत कण्हत मरून जात. एक विधवा भूत पुरुषांना उचलून नेतं, अशी तिथली समजूत होती. तिला चकवायला काही पुरुष झोपताना बायकांचे कपडे घालत, नखं रंगवत. फिलिपिन्स आणि जपानमध्येही अशा मृत्यूंना जुनी स्थानिक नावं आहेत. १९९२ मध्ये पेद्रो आणि जोसेप या ब्रुगाडा बंधूंनी आठ रुग्णांच्या कार्डिओग्रामवर छातीच्या उजव्या बाजूच्या रेघांत एक ठरावीक उंचवटा दाखवला. थायलंडच्या तरुणांतही तोच सापडला. १९९८ मध्ये सोडियमच्या मार्गाचं जनुक यात दोषी निघालं. ताप आला की उंचवटा उठून दिसतो, एरवी कित्येकदा लपून राहतो.

जनुक सापडल्यावर हा ‘शुद्ध विजेचा’ आजार मानला गेला. हृदयाची घडण निर्दोष, दोष फक्त आयनांच्या ये-जा करण्यात. त्यातही दोन तट पडले. एकांचं म्हणणं, लाट पुढे जातानाच अडखळते. दुसऱ्यांचं म्हणणं, पेशी शांत होताना गडबड होते. नियतकालिकांत दोन्ही बाजू वर्षानुवर्षं झुंजल्या. मग बँकॉकमधल्या कूनलावी नादेमानी यांनी, पोटाच्या वरच्या बाजूने सुई घालून हृदयाच्या बाहेरच्या आवरणात कॅथेटर नेलं. २०११ मध्ये त्यांनी नऊ रुग्णांची माहिती दिली. उजव्या जवनिकेतून फुप्फुसाकडे रक्त जिथून बाहेर पडतं, त्या नळीसारख्या भागाच्या पुढच्या बाहेरच्या बाजूला विजेचे तुकडे-तुकडे झालेले, दुबळे आणि लांबलेले संदेश सापडले. फक्त तिथेच. ती जागा जाळल्यावर नऊपैकी सातांत घातक लय मुद्दाम सुरू करता येईना, आणि बहुतेकांच्या कार्डिओग्रामवरचा उंचवटाही नाहीसा झाला. आत जाऊन आतल्या बाजूने नकाशे काढणाऱ्यांना हे दिसलं नव्हतं, कारण दोष बाहेरच्या पापुद्र्यात होता. २०१५ मध्ये त्याच गटाने अशा मृत्यूंतली हृदयं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्या जागी तंतूंची बारीक भर पडलेली होती आणि पेशी-पेशींना जोडणारं प्रथिन कमी झालं होतं. घडण निर्दोष, हे म्हणणं टिकलं नाही.

त्याच वर्षी रूडी यांच्या गटाने जाकिटाच्या पद्धतीने ब्रुगाडाच्या रुग्णांचे नकाशे दिले. त्यांना त्याच नळीच्या जागेत दोन्ही गोष्टी दिसल्या. लाट रखडत, अडखळत जाते आणि शांत होण्याच्या वेळेतही तिथे तीव्र उतार आहे. हृदयाचा वेग वाढवून त्यांनी दोन्ही कारणं काही अंशी वेगळीही करून पाहिली. झुंजणारे दोन्ही तट अर्धे-अर्धे बरोबर होते.

जनुकांच्या आघाडीवर मात्र उलट घडलं. काही वर्षं ब्रुगाडाची जनुकं म्हणून यादी वाढतच गेली. २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या एका मंडळाने यादीतल्या २१ जनुकांचा पुरावा नव्याने तपासला, तेव्हा पक्कं असं एकच उरलं, ते सोडियमचं. लांब क्यूटीच्या १७ जनुकांची अशीच छाननी झाली आणि नेहमीच्या प्रकारासाठी तीनच पक्की ठरली. एखाद्या घराला जनुकतपासणीत ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा मिळणं ही नित्याची गोष्ट आहे. शेरा हातात घेऊन कुटुंब घाबरतं, आणि त्यावरून कुणाचं लग्न मोडणं हा निव्वळ अन्याय आहे. अशा वेळी त्या घरातल्या माणसांचं हृदय प्रत्यक्षात कसं वागतं, याला जनुकाच्या शेऱ्यापेक्षा जास्त वजन द्यावं लागतं.

तेवढ्याकरता प्रत्येकाला जाकीट घालायची गरज नाही. जाकिटाचा नकाशा हृदयाच्या पृष्ठभागापुरताच असतो, दोन जवनिकांमधली भिंत त्यात येत नाही, सीटी स्कॅनचा क्ष-किरणांचा भार पडतो, आणि ही सोय जगातही मोजक्याच केंद्रांत आहे. त्याआधी करण्यासारखं पुष्कळ आहे. ब्रुगाडाचा संशय असेल तर छातीवरचे उजवे इलेक्ट्रोड नेहमीच्या जागेपासून एक-दोन बरगड्या वर सरकवून कार्डिओग्राम पुन्हा काढतात. ती नळी नेमकी तिथे असते, आणि एरवी लपलेला उंचवटा कित्येकदा दिसू लागतो. जादा खर्च काही नाही, फक्त काढणाऱ्याला ते माहीत हवं. लांब क्यूटीच्या माणसाला काही नेहमीची औषधंही चालत नाहीत. आपल्याकडे पित्तावर ज्या गोळ्या सहज घेतल्या जातात, त्यांतल्या काहींत पॅन्टोप्राझोलसोबत डॉमपेरिडोन असतं आणि ते क्यूटी लांबवतं. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन, एरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकंही तेच करतात.

आणि कुटुंबाची चौकशी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कित्येक पिढ्यांची नावं मिळतील, पण कोण कसं गेलं ते मिळत नाही, आणि लेकींच्या बाजूची शाखा बहुतेकदा कोरीच. जनुक-सल्लागार पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळं काढून तीन पिढ्यांचा आराखडा मांडतात आणि काही विचित्र वाटणारे प्रश्न विचारतात. पट्टीचा पोहणारा असून विहिरीत कोण बुडालं? सरळ रस्त्यावर गाडी कुणाची गेली? पाळण्यात बाळ गेलं का? बहिरं कोण होतं? आत्या, मावशी, चुलत्याची मुलं, सगळ्यांबद्दल. दहातल्या एका उत्तरावरून एकदम धागा लागतो, आणि मग त्या शाखेतल्या प्रत्येकाचा कार्डिओग्राम काढला जातो. लांब क्यूटीत बहुतेकांना प्रोप्रॅनोलॉल किंवा नॅडोलॉलसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्यांचा चांगला उपयोग होतो.

खरी पंचाईत होते ती शॉक देणारं यंत्र बसवण्याच्या निर्णयात. मिशेल मिरोव्स्की यांच्या चिकाटीमुळे १९८० मध्ये बाल्टिमोरला ते माणसात पहिल्यांदा बसवलं गेलं. घातक लय सुरू होताच आतल्या आत शॉक देऊन ते माणसाला परत आणतं. पण विशीतल्या मुलाला ते बसवलं तर आयुष्यभर बॅटरी बदलत राहावी लागते, वायरी तुटतात, जंतुसंसर्ग होतो, आणि शुद्धीत असताना चुकून बसलेला शॉक माणूस विसरत नाही. एकदा हृदय बंद पडून वाचलेल्याला ते द्यावं यात वाद नाही. त्याच्या भावाला, ज्याला अजून काहीच झालेलं नाही, द्यावं का? लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधला एक गट नकाशाचं जाकीट इथे वापरून पाहतो आहे. विश्रांतीतला नकाशा बहुतेकांचा ठीकठाक दिसतो. म्हणून ते रुग्णाला ट्रेडमिलवर पळवतात आणि लगेच नंतर, हृदय शांत होत असताना, ठोक्यागणिक लाटेचा मार्ग किती स्थिर राहतो ते मोजतात. मृत्यूच्या दारातून परतलेल्यांच्या हृदयात व्यायामानंतर हा मार्ग जास्त ढळतो असं त्यांना आढळलं आहे. ज्या भावंडांना अजून काही झालेलं नाही, त्यांच्यात या मोजणीवरून पुढचा धोका सांगता येईल का, हे त्यांना काही वर्षं पाहत राहूनच ठरेल.